दाव्याला जीव जाऊ नये म्हणून

आमच्या आश्रमात कुणालाही बांधत नसत. सरकारी कागदावर तसं लिहिलेलं होतं, तेही दरवर्षी, आणि प्रत्येक म्हाताऱ्यामागे वेगळ्या कागदावर. मी नर्स म्हणून हजर झाले त्या सकाळी पुरुषांच्या दालनात पाऊल टाकलं, तर निम्मे म्हातारे खाटेला बांधलेले होते.

मी शेवंता मधाळे, निपाणीची. आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत, वडील हमाल, आणि मी मिरजेला नर्सिंग शिकून आलेली. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची आणि ते खरं होतं. आम्ही बौद्ध व्हायच्या आधी आजा गावकीची कामं करायचा. एकदा तो राखणीला असताना गावातले बैल पाटलाच्या शाळूत शिरले, म्हणून त्याला दिवसभर चिंचेच्या झाडाला बांधून घातलं होतं. म्हातारपणी आजा ती गोष्ट हसत हसत सांगायचा. बाकीचेही हसायचे. मला कधीच हसू आलं नाही. तेव्हा माणसाला बांधणं म्हणजे काय, हे मला मिरजेत जाऊन शिकावं लागलं नव्हतं.

आश्रम गावाबाहेर, चिकोडीच्या रस्त्याला. त्याच ट्रस्टचा पांजरपोळ शेजारी होता. भाकड गाई, थकलेले बैल, लंगडी वासरं तिथं सुखानं मरेपर्यंत राहायची. आधी पांजरपोळ झाला. मग सेक्रेटरी पद्मराज अण्णांच्या मनात आलं, जनावरांचं झालं, आता माणसांचं करू. मधे एक कुंपण, त्याला एक फाटक, आणि दोन्हीकडे राबणारा माणूस एकच, भरमू. तो वाढला गोठ्यात, आणि आता वॉर्डबॉय म्हणून म्हाताऱ्यांचंही बघायचा. दोन्हीकडे सारख्याच मायेनं बघायचा, हीच खरी अडचण होती.

पद्मराज अण्णा तंबाखूचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना सिनेमातला खलनायक करून मोकळे व्हाल. पाणी गाळून प्यायचे, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जायचे. असल्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं. वाईट माणसाला निदान शिवी तरी देता येते.

बांधायच्या पट्ट्या जुन्या धोतराच्या होत्या. धुऊन, पीळ घालून मऊ केलेल्या. एक टोक मनगटाला, दुसरं खाटेच्या लोखंडाला, आणि गाठ गोठ्यातली, निरगाठ. अण्णा त्याला ‘आधार’ म्हणायचे. भरमू सरळ ‘दावं’ म्हणायचा.

दाराजवळच्या खाटेवर देवाप्पा होते. जांबोटीकडचे, जन्मभर डोंगरात गुरं राखलेले. मुलगा निपाणीत कारकून, त्यानं इथं आणून सोडलेलं. पहाट झाली की देवाप्पांना वाटायचं, गोठ्यातली गुरं सोडायची वेळ झाली. मग उठायचे आणि चालू लागायचे. एकदा हायवेवर ट्रकच्या पुढ्यात सापडले, तेव्हापासून बांधलेले. म्हणजे भीती खोटी नव्हती, हेही मी कबूल करते.

मी त्यांच्या उशाशी बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ सुटत आली तसा म्हाताऱ्यानं माझा हात असा धरला की माझी बांगडी वाकली.

“न्हाय, न्हाय! बाई, सोडू नगा! अजून येळ हाय माझी!”

“अहो आजोबा, मोकळं करतीया तुमाला.”

“नगं मोकळं! मी जेवतोय, खातोय! इचारा भरमूला! बांधा मला!”

पलीकडच्या खाटेवरच्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. कोपऱ्यातला एकजण हात जोडून काहीतरी पुटपुटायला लागला. मी गाठ पुन्हा आवळली तेव्हा देवाप्पांचा श्वास खाली बसला. मला काही कळेना. वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग वाटलं, सगळ्यांचं एकाच वेळी कसं फिरेल?

उलगडा केला तारामती आक्कांनी. त्या पद्मराज अण्णांच्या सख्ख्या आत्या. घरात सुनांशी पटेना, म्हणून हट्टानं इथं येऊन राहिलेल्या. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली. त्यांना बांधायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी मला हाक मारली, समोर बसवलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “नवी हायस तू. तुला कसं ठावं असणार? हितं सोडत्यात ते मरायला.”

“म्हंजे?”

“माणूस आज-उद्याचा सोबती हाय असं वाटलं की भरमू येतो आणि दावं सोडतो. मग सांजपर्यंत, लई तर दुसऱ्या दिसापर्यंत, माणूस जातो. भरमूची नजर कधी चुकली न्हाय गं. म्हणून त्यो गाठीला हात लावाय आला की हितल्यांचं काळीज पाणी होतं.”

मी ताडकन उठून फाटकातून पांजरपोळात गेले. भरमू एका म्हाताऱ्या गाईला हातानं कडबा भरवत होता. मी विचारलं, खरं का रे हे? तो गोंधळला. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा.

“बाई, दाव्याला जनावर मेलं तर पाप लागतंय. मालकाला लागतंय. आमच्या बानं शिकीवलंय, जनावर खंगलं की आधी गळ्यातलं दावं काढायचं. मोकळं जाऊ द्यायचं.”

“आणि माणसं?”

“माणसाचं तर ज्यादाच लागंल न्हवं का? अण्णांच्या डोस्क्यावर पाप नको म्हणून मी जपतो. एक बी माणूस दाव्याला गेला न्हाय बघा आपल्यात.” आणि हे सांगताना त्याचे डोळे अभिमानानं भरून आले.

त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. “मरताना सोडण्यापेक्षा जित्यापणी सोडला असतास तर पुण्य लागलं असतं, येड्या,” एवढंच म्हणून परत आले.

त्या दिवसापासून मी देवाप्पांच्या मागे लागले. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तडजोड झाली. पट्टी मनगटावरून काढायची नाही, फक्त खाटेकडचं टोक सोडायचं आणि ते त्यांनी स्वतःच्या मुठीत धरायचं. “म्हंजे दावं हाय की न्हाय, हाय,” असं त्यांनी स्वतःची समजूत घातली. आणि मग सकाळी मी त्यांना हाताला धरून फाटकातून पांजरपोळात न्यायला लागले. पट्टीचं टोक मुठीत घेऊन म्हातारा गाईंच्या पाठीवर थापा मारत फिरायचा, नावं ठेवायचा, वासरांना दटावायचा. गुरं सोडायची वेळ झाली की रस्त्याकडे धाव घेणारा माणूस आता फाटकाकडे बघायचा. दोन घास जास्त जेवायला लागला. मला शिव्याही द्यायला लागला. रोगी बरा होतोय हे मला शिव्यांवरून कळतं.

आणि मग तो शेणावरून घसरला. कपाळ दावणीच्या दगडावर आपटलं, रक्ताची धार लागली. डॉक्टरांनी टाके घातले. सांजेला अण्णा स्वतः आले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हळूच म्हणाले, “बघा सिस्टर. म्हणून आधार देतो आम्ही.”

“पडले ते खरं हाय, अण्णा. चूक माझी बी हाय, मी हात सोडला हुता. पडल्याचं लिहिलंय मी वहीत.”

“ते लिहिलंत, बरं केलंत. आता उद्यापासून त्यांना आधार द्यायचा, आणि फिरवायचं बंद.”

नेमके त्याच आठवड्यात तपासणीचे तक्ते आले. आमच्या अनुदानासाठी खात्याकडून दरवर्षी यायचे. प्रत्येक म्हाताऱ्याचा एक तक्ता, कानडीत छापलेला. चालता येतं का, ऐकू येतं का, कोण भेटायला येतं. आणि शेवटून दुसरा रकाना असा, की रहिवाशाला कोणत्याही प्रकारे बांधून किंवा अडकवून ठेवलं जातं काय? होय असल्यास कशाने, केव्हा, का, आणि कोणाच्या सांगण्यावरून? खाली नर्सची सही. गेल्या वर्षांचे तक्ते मी उलटून पाहिले. सगळीकडे ‘नाही’. माझ्या आधीच्या नर्सनं इतक्या वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं की शाळेत बक्षीस मिळावं. देवाप्पांच्या तक्त्यावरही तेच.

मी तक्ते घेऊन ऑफिसात गेले. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

“ह्या रकान्यात आपण नाही म्हणून भरतो, सिस्टर.”

“का बरं?”

“कारण आपण बांधत न्हाय. बांधायचं म्हंजे शिक्षा. आपण शिक्षा करतो का कुणाला? आधार देतो.”

“मग तसंच लिहिते की. धोतराच्या पट्टीनं, निरगाठीचा आधार देतो.”

“तुम्ही चेष्टा करताय.”

“चेष्टा ह्या कागदानं चालवलीया, अण्णा. मी एकच सांगते. बांधायचं असंल तर मी लिहिणार. लिहायचं नसंल तर बांधायचं न्हाय. दोन्ही एकदम व्हायचं न्हाय माझ्या हातनं.”

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “तुम्ही नोकरी आमच्याकडं करता, का सरकारकडं?”

“नोकरी तुमची. सही माझी.”

त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा हळूच स्वतःकडे ओढून घेतला. “विचार करा. घाई न्हाय. तपासणीचे साहेब येतील तेव्हा त्यांच्यासमोर करा सही.” आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, तितक्याच मऊ आवाजात, “तुमची आई आमच्याच वखारीत न्हवं?”

वाईट माणसानं धमकी दिली की उलटं बोलता येतं. ह्यांनी नुसती चौकशी केली होती. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तंबाखूच्या धुरळ्यानं तिचा आवाज कायमचा बसलेला. गेल्याच साली वखारीतल्या बायकांनी मोर्चा काढला तेव्हा ही पहिल्या रांगेत होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “माझी वखार मी बघती. तुझ्या आज्याला चिंचंला बांधला तवा गावात लिवणारा एक बी न्हवता. असता तर काय झालं असतं ठावं न्हाय. पर न्हवता एवढं खरं. तुला लिवाय येतं. तू तुझं बघ.” आणि मला जेवायला वाढलं.

इकडे पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच देवाप्पा पुन्हा खाटेला होते. बांधलं भरमूनं. मी बांधणार नाही म्हटल्यावर बांधायला दुसरा हात होताच की. मला सोडताही येईना, कारण पूर्ण सोडायला म्हातारा तयार नव्हता आणि अर्धवट सोडायला मनाई होती. आठवडाभरात म्हाताऱ्याच्या शिव्या बंद झाल्या. जेवण परत यायला लागलं. भरमू त्यांच्याकडे जाताना-येताना निरखून बघायला लागला, आणि ते बघणं बघून देवाप्पा पांघरूण तोंडावर ओढून घ्यायला लागले. बांधल्यानं माणूस खंगतो, खंगला की भरमू बघतो, भरमूनं बघितलं की माणूस भीतीनं आणखी खंगतो. भरमूची नजर कधी का चुकत नाही ते मला तेव्हा कळलं. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

तपासणीचा दिवस उजाडला. एरवी काय व्हायचं, तर साहेब गाडीतून उतरायचे, ऑफिसात बसायचे, अण्णांच्या घरचं ताक प्यायचे, तक्त्यांवर शिक्का मारायचे आणि सूर्य मावळायच्या आत अण्णांच्याच पंगतीला जेवून बेळगावला परत. ह्या वेळी साहेबांच्या जागी बाई आल्या. कानडी, पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, हातात छत्री. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी माणसं दाखवा, कागद मग.

अण्णांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी खिडकीतून भरमूला हातानं खूण केली. सोड, सगळ्यांना सोड, अशी खूण. मी ती बघितली आणि पुढे काय होणार हे मला कळलं. पण बाई चालायला लागल्या होत्या.

आम्ही व्हरांड्यात पोचलो तोवर दालनातून आरडाओरडा सुरू झाला होता. भरमूनं एका दमात सगळ्या गाठी सोडल्या होत्या आणि पट्ट्या बादलीत टाकल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्यांना एकदम वाटलं, आपला आज शेवट. कुणी मुलाला हाका मारत होतं. कुणी तोंडात पाणी घाला म्हणत होतं. एकानं बोटातली तांब्याची अंगठी काढून माझ्या हातात कोंबली, “नातीला द्या.” आणि देवाप्पा जमिनीवर बसून भरमूच्या पायाला मिठी मारून ओरडत होते.

“भरमू, अजून न्हाय रं! मी हाय अजून! बांध मला! बांध रं बाबा!”

“एनात्री?” बाई म्हणाल्या. काय झालं?

अण्णा सावरले. हुशार माणूस. शुद्ध कानडीत म्हणाले, “बघा मॅडम, हे स्वतःच मागतात. पडू नये म्हणून आम्ही मऊ कापडाचा आधार देतो, तो काढला की हे असे घाबरतात. आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. तुमच्या कानांनी ऐका, ते काय म्हणतायत ते.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “खरं आहे का सिस्टर? हे स्वतः मागतायत?”

काय सांगणार होते मी? मागतच होते. खोटं नव्हतं त्यात काही. सगळं खोटं त्याच्या अलीकडं होतं आणि ते सांगायला लागले असते तर ऐकेपर्यंत बाई गाडीत बसल्या असत्या. माझं डोकं सटकलं. मी चपला काढल्या आणि देवाप्पांच्या खाटेवर आडवी झाले.

“भरमू, बांध मला.”

“बाई, काय बी काय...”

“बांध म्हणते न्हवं! रोज बांधतोस तसं. दोन्ही हात.”

त्यानं अण्णांकडे बघितलं. अण्णा दगड झाले होते. भरमूचा हात सवयीनं बादलीकडे गेला. पट्टी ओली होती, कुणाच्या तरी घामानं. एक मनगट झालं, दुसरं झालं, गाठ बसली. आणि मला छत दिसलं. एक पाल, एक जळमट, एक हुक. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. एवढीशी गोष्ट, पण त्या खाजेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भोवती सगळी आपलीच माणसं उभी होती, तरी मला भीती वाटली. खरीखुरी भीती. मला आजाचं हसू आठवलं आणि ते हसू नव्हतं हे कळलं.

“आता सोड,” मी म्हटलं.

भरमू जागचा हलेना.

“अरे सोड की!”

“कसं सोडू, बाई?” तो रडकुंडीला आला. “मगाशी अण्णांनी खूण केली म्हणून सोडलं. तुमी धडधाकट हाय. आमी सोडतो ते शेवटाला. जित्या माणसाला सोडलं आनि काय झालं-गेलं तर?”

“शेवटाला म्हणजे?” बाईंनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. तारामती आक्का काठी टेकत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी स्वच्छ कानडीत, एक शब्दही न चघळता, सगळं सांगितलं. दाव्याचं पाप, भरमूची नजर, सोडल्यावर भिंतीकडे फिरवलेली तोंडं. मग भाच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “पद्मा, तू सगळ्यांना सांगत फिरतोस, आमच्या आश्रमात बंधनात एकही मरण न्हाय. आता कळलं का ते कसं?”

अण्णांना हे माहीत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. घाम फुटून ते भिंतीला टेकले. त्यांची मला दया आली असती, पण मी बांधलेली होते, आणि बांधलेल्या माणसाला दया फार सुचत नाही.

आणि तेव्हा देवाप्पा उठले. भरमूचा पाय सोडून, खाटेच्या कडेला धरून, माझ्याजवळ आले. कपाळावरचा टाक्यांचा वण अजून ताजा होता. त्यांनी माझ्या मनगटावरची गाठ चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

“जनावराला सुदीक इतकं आवळत न्हाईत रं, भरमू.”

त्यांनी निरगाठ सोडवायला घेतली. वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, आणि झालं असतं तर मी ओरडले असते. एक हात सुटला. मग दुसरा. मग म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसला, आता ही जाते की राहते ते बघायला. सगळं दालन बघत होतं. मी उठून बसले. आधी नाक खाजवलं.

“हाय का?” देवाप्पांनी विचारलं.

“हाय.”

त्यांनी स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं, उलटं-पालटं केलं. “मग मी बी हाय म्हणायचा,” म्हणाले, आणि खाटेवर माझ्या शेजारी बसले.

बाईंनी तक्ते तिथंच मागवले. मी मांडीवर घेऊन लिहायला बसले. कशाने? धोतराच्या पट्टीने, खाटेच्या लोखंडाला. का? पडू नये म्हणून, आणि रस्त्यावर जातात म्हणून. मी कारण लपवलं नाही, तेही खरंच होतं. कोणाच्या सांगण्यावरून? इथं मी थांबले आणि मान वर करून अण्णांकडे बघितलं. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या तक्त्यावर पुन्हा लिहिलं. बाई म्हणाल्या, “सिस्टर, संस्थेचं अनुदान अडकेल, कळतंय ना?” मी म्हटलं, कळतंय, आणि पुढचा तक्ता घेतला. सगळ्यांवर सही केली. माझी सही काही फार वळणदार नाही.

पुढचं सांगायला हवं. अनुदान अडकलं. महिनाअखेरीस मला शिस्तभंगाचं पत्र देऊन काढून टाकलं. आईला पुढच्या हंगामात वखारीत कामाला बोलावलं नाही. तिनं घरी विड्या वळल्या आणि एकदाही मला बोलून दाखवलं नाही, फक्त मी भाकरी करपवली की म्हणायची, “तक्ता भर आता, का करपली त्याचा.” मला खानापूरच्या दवाखान्यात नोकरी लागेपर्यंत दिवस कठीण गेले. पण पुढच्या तपासणीला त्याच बाई न सांगता येऊन दालनात उभ्या राहिल्या, असं तारामती आक्कांनी कळवलं. आश्रमातल्या पट्ट्या गेल्या होत्या. रस्त्याकडच्या दाराला कडी लावली होती, हायवेकडे नवं कुंपण घातलं होतं, आणि सकाळी ज्याला जमेल तो म्हातारा गोठ्यात जात होता. हे अण्णांनीच केलं. मला त्यांनी कधी बोलावलं नाही, मीही गेले नाही.

त्यानंतरची दुसरी दिवाळी झाली आणि मी सुट्टीला घरी आले होते. दुपारी दारात भरमू उभा. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच घुटमळला. मग आत येऊन बसला.

“देवाप्पा गेलं, बाई. सकाळी. गोठ्यात, गाईजवळ बसल्या बसल्या.”

मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“मला कळलं हुतं, आज जायाचं लक्षण हाय,” तो म्हणाला. “सवय, काय करणार. पळत गेलो दावं सोडायला. मनगट धरलं हातात, आनि बघतो तर...” त्यानं आपले दोन्ही हात पुढे केले, रिकामे. “सोडायला कायच न्हवतं, बाई.”

मी चुलीवर आधण ठेवलं आणि म्हटलं, “चहा घेऊन जा.”